माणसं शहर का बदलतात, आणि का बदलत नाहीत

न्यू जर्सीतून डॅलसकडे किंवा बे एरियातून ऑस्टिनकडे गेलेलं एखादं तरी मराठी कुटुंब तुमच्या ओळखीत असेलच. कदाचित ते तुमचंच असेल. "का गेलात?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: नोकरी, घरांच्या किमती, टॅक्स, मुलांची शाळा, हवा. सगळी खरीच असतात. पण हाच प्रश्न जरा उलटा करून पाहा. त्या नोकऱ्या, त्या किमती, ती हवा तुमच्या शेजाऱ्यालाही ठाऊक होती. मग तो का नाही गेला?

स्थलांतराचा अभ्यास बराच काळ पहिल्या प्रश्नाभोवती फिरत राहिला. अमेरिकेतली आकडेवारी बघितली तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे असं माझं मत झालंय. १९४७-४८ साली अमेरिकेत दरवर्षी शंभरातले सुमारे २० जण घर बदलत होते. २०२१ साली हे प्रमाण ८.४ टक्क्यांवर आलं. (यातले बरेच जण त्याच काउंटीत दुसऱ्या घरी गेलेले असतात, दूरच्या शहरी जाणारे त्याहून कितीतरी कमी.) जनगणना खातं आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २६ वर्षांच्या अमेरिकन तरुणांपैकी ८० टक्के जण जिथे वाढले तिथून १०० मैलांच्या आत राहतात, आणि निम्म्याहून जास्त तर १० मैलांच्या आत! सतत फिरणाऱ्यांचा देश म्हणून जी अमेरिका आपल्या डोक्यात असते, तिचं हे चित्र नव्हे. आपण स्वतः आठ-दहा हजार मैल ओलांडून आलेलो असल्यामुळे आपल्याला हे लक्षात येत नाही इतकंच.

सुरुवात मात्र सुरुवातीपासूनच करू.

फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेला आणि ब्रिटिश युद्धखात्यात नकाशांचं काम करणारा अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हेनस्टाइन हा या विषयातला मूळ पुरुष. विल्यम फार या नामवंत संख्याशास्त्रज्ञाने एकदा असं म्हटलं होतं की स्थलांतराला काही नियम दिसत नाही. रॅव्हेनस्टाइनला ते पटलं नाही. त्याने १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेतले जन्मस्थळांचे तक्ते घेतले आणि १८८५ साली 'स्थलांतराचे नियम' या नावाचा निबंधच वाचला. बहुतेक लोक थोडंच अंतर जातात, लांब जाणारे मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक शहरांकडे जातात, जवळच्या प्रवासांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त असतात, आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, अशी ती निरीक्षणं होती.

शेवटच्या नियमाचा पडताळा तुम्हांला घरबसल्या घेता येईल. यू-हॉलच्या साइटवर सॅन होजेहून ऑस्टिनला एकेरी ट्रकचं भाडं काढा, मग त्याच तारखेचं ऑस्टिनहून सॅन होजेचं. रस्ता तोच, मैल तेवढेच, पण भाडं सहसा सारखं नसतं. जिकडे लोकांचा ओघ असतो तिकडे ट्रक साचतात आणि कंपनीला ते परत आणायचे असतात. म्हणून ओघाबरोबर जाणाऱ्याला महाग, उलटं येणाऱ्याला स्वस्त. पण उलटं येणारेही असतातच. २०२२ च्या जनगणना खात्याच्या सर्वेक्षणानुसार कॅलिफोर्नियातून टेक्ससला सुमारे १ लाख २ हजार लोक गेले, तर टेक्ससमधून कॅलिफोर्नियात सुमारे ४२ हजार आले. बातम्यांत आपल्याला पहिला आकडाच ऐकू येतो. टेक्सस इतकं चांगलं आणि कॅलिफोर्निया इतकं वाईट असेल, तर हे ४२ हजार कोण? त्यांनाही तोच टॅक्स आणि त्याच घरांच्या किमती दिसत होत्या की!

पुढे १९४६ साली हार्वर्डच्या जॉर्ज किंग्सली झिफने न्यूटनची आठवण करून देणारं एक सूत्र मांडलं. दोन शहरांच्या लोकसंख्यांचा गुणाकार करायचा, त्याला मधल्या अंतराने भागायचं. त्या दोन शहरांमध्ये होणारी ये-जा या संख्येच्या प्रमाणात असते. झिफने अमेरिकेतल्या बस, रेल्वे आणि विमानाच्या प्रवाशांवर ते तपासलं. सूत्र इतकं साधं असूनही बऱ्यापैकी चालतं, आणि स्थलांतरालाही लावतात. दोष एकच: त्यात माणूस कुठेच नाही. न्यूटनच्या ग्रहांना मधल्या वाटेवर थांबावंसं वाटत नाही, माणसांना वाटतं. सॅम्युअल स्टाउफरने हे झिफच्याही आधी, १९४० साली हेरलं होतं. क्लीव्हलँडमधल्या कुटुंबांनी घरं कशी बदलली हे तपासून तो म्हणाला की प्रश्न अंतराचा नाहीच. वाटेत किती संधी आहेत हा प्रश्न आहे. साताऱ्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला आधी पुणं लागतं, आणि त्यातले कित्येक जण पुण्यातच राहतात. वाटेत पुणं नसतं तर तेच अंतर त्यांनी आनंदाने कापलं असतं.

यात १९६६ साली एव्हरेट लीने शेवटची भर घातली, आणि पाठ्यपुस्तकांत जो 'रेटा आणि ओढ' सिद्धांत येतो तो त्याच्या नावावर आहे. गावातला दुष्काळ, बेकारी, जाच हा रेटा. शहरातली मजुरी, शाळा, मोकळीक ही ओढ. पण लीच्या लेखात तिसरा घटकही होता, 'मधले अडथळे', आणि शाळेत शिकवताना नेमका तोच गळून जातो. पुढची सगळी गोष्ट त्या तिसऱ्या घटकाची आहे.

अमेरिकेच्या इतिहासातलं शहरांकडे झालेलं सर्वांत मोठं अंतर्गत स्थलांतर घ्या. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतल्या राज्यांतून शिकागो, डेट्रॉइट, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा शहरांत गेली. रेटा कोणता हे सांगायला नको: वाट्याने केलेल्या शेतीतलं कर्ज, कापसावरचा बोंड-भुंगा, मताधिकार काढून घेणारे कायदे, आणि झुंडीने केलेल्या हत्या. उत्तरेत कारखान्यांची मजुरी कितीतरी जास्त. पण गुलामगिरी संपली १८६५ साली. मजुरीतली दरी त्या दिवसापासून होती, जाचही होताच. तरी १९१० साली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनंतर, देशातल्या कृष्णवर्णीयांपैकी जवळजवळ ९० टक्के लोक दक्षिणेतच होते. रेटा आणि ओढ दोन्ही भरपूर असताना माणसं हलली नव्हती.

मग काय बदललं? उत्तरेतल्या कारखानदारांना तोवर युरोपातून येणारा मजूर हवा तेवढा मिळत होता, त्यामुळे त्यांनी कृष्णवर्णीयांना दारं बंदच ठेवली होती. १९१४ साली अमेरिकेत १२ लाखांहून जास्त परदेशी आले. पहिलं महायुद्ध पेटलं आणि १९१८ साली हा आकडा १ लाख १० हजारांवर घसरला. कारखान्यांना माणसं हवी होती, आणि दार उघडलं. १९२४ च्या कायद्याने युरोपातली आवक कायमची आटवली आणि ते उघडंच राहिलं. शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या १९१० साली ४४ हजार होती, १९२० साली १ लाख ९ हजार झाली.

आता दुसरी गोष्ट बघा. मिसिसिपीतली माणसं प्रामुख्याने शिकागोलाच का गेली? कारण 'इलिनॉय सेंट्रल' ही रेल्वे न्यू ऑर्लिन्सहून निघून मिसिसिपीमधून थेट शिकागोत जात होती. त्याच गाड्यांवरचे कृष्णवर्णीय पोर्टर 'शिकागो डिफेंडर' हे वर्तमानपत्र दक्षिणेत नेऊन पोहोचवत. त्यात नोकऱ्यांच्या बातम्या असत आणि आधी गेलेल्यांचा ठावठिकाणा कळे. एकदा पहिली माणसं रुजली की पुढच्यांना उतरायला घर आणि कारखान्यात शब्द टाकायला माणूस मिळे.

हे वाचताना तुम्हांला गिरणगाव आठवलं असेल तर ते योग्यच आहे. मुंबईच्या जुन्या जनगणनांत बाहेर जन्मलेल्या मुंबईकरांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याचा क्रमांक वरचा असे. नकाशात रत्नागिरीला कोल्हापूर जवळ. पण मध्ये घाट, आणि किनाऱ्यावरून मात्र आगबोट. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं, तोवर कोकणी माणसाची चार पिढ्यांची मुंबई झालेली होती. गाववाल्यांची खोली, खाणावळ, गिरणीतल्या मुकादमाची ओळख ही त्यांची 'इलिनॉय सेंट्रल'. मैल आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे झिफच्या सूत्रात बसत नाही.

इथे कुणी शंका काढेल: गाववाले खरंच उपयोगी पडतात, की ते शहरच चांगलं असल्यामुळे गाववालेही तिथे जमले आणि नव्याने येणाराही तिथेच आला? शंका रास्त आहे. एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी कुठली कारण आणि कुठली परिणाम हे ठरवणं फार अवघड असतं. कैवन मुन्शी या अर्थशास्त्रज्ञाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावर एक सुंदर युक्ती केली. त्याने मेक्सिकोतल्या गावांमधून अमेरिकेत आलेल्यांची माहिती घेतली आणि त्या गावांतल्या पावसाच्या नोंदी तिला जोडल्या. मेक्सिकोतल्या गावात पाऊस पडला नाही याचा अमेरिकेतल्या शहरात नोकऱ्या किती आहेत याच्याशी काही संबंध असू शकत नाही. पण पाऊस पडला नाही की त्या गावातून जास्त लोक अमेरिकेत येतात. म्हणजे काही वर्षांपूर्वीच्या दुष्काळामुळे एखाद्या गावाची अमेरिकेतली मंडळी निव्वळ योगायोगाने जास्त असतील, तर त्यानंतर आलेल्यांचं काय होतं? त्यांना नोकरी मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि ती शेतमजुरीपेक्षा बऱ्या पगाराची असण्याचीही. मदत होते ती मुख्यतः जुन्या, रुळलेल्या गाववाल्यांची.

तेव्हा नव्या शहरात आल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तुम्हांला "आमच्या कंपनीत जागा आहे, रेझ्युमे पाठवा" असं कुणी म्हटलं असेल, तर ती नुसती चांगुलपणाची गोष्ट नाही. स्थलांतराचं यंत्र त्यावर चालतं. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं तेव्हा उद्देश संस्कृतीचा होता, पण या सगळ्या मंडळांनी जेवढी संस्कृती टिकवली तेवढीच माणसंही नोकरीला लावली असावीत, असा माझा आपला अंदाज.

आता आजच्या अडथळ्यांकडे. पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे घर. पीटर गनॉन्ग आणि डॅनियल शोग यांनी २०१७ साली एक तुलना केली. दक्षिणेतल्या गरीब राज्यांतून न्यू यॉर्कच्या परिसरात जाणारे दोघे जण, एक वकील आणि एक सफाई कामगार. १९६० साली दोघांचाही फायदा होता. पगार वाढायचा आणि घरभाडं देऊनही वाढलेलं बरंच हातात उरायचं. २०१० साली वकिलाचा फायदा तसाच होता, पण सफाई कामगाराला मिळणारा जास्तीचा पगार घरभाड्यातच जात होता, वर पदरचे पैसे. जिथे पगार जास्त तिथे नव्या घरांच्या बांधकामावर निर्बंधही जास्त, त्यामुळे नोकऱ्या वाढल्या की घरं वाढण्याऐवजी किमती वाढतात. १९५० ते २०२० मध्ये डेट्रॉइट साडेअठरा लाखांवरून ६ लाख ३९ हजारांवर आलं आणि फिनिक्स १ लाख ७ हजारांवरून १६ लाखांवर गेलं, यात कारखान्यांच्या पडझडीइतकाच एअर कंडिशनर आणि स्वस्त बांधकामाचा हात आहे. डॅलसजवळचं फ्रिस्को २००० साली ३४ हजारांचं गाव होतं, २०२० साली २ लाखांचं झालं. तिथे आता किती मराठी कुटुंबं आहेत हे तुम्ही जाणताच.

घर घेतलेल्यालाही घर बांधून ठेवतं. कॅलिफोर्नियातल्या १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' मुळे तुमचा प्रॉपर्टी टॅक्स खरेदीच्या किमतीवर ठरतो आणि मग फार हळू वाढतो. शेजारच्या तशाच घरात नव्याने आलेला माणूस तुमच्या कितीतरी पट टॅक्स भरत असतो. असं घर कोण सोडेल? ३ टक्क्यांचं मॉर्गेज असलेला माणूस दर ७ टक्क्यांच्या घरात गेल्यावर नवं कर्ज घ्यायला निघत नाही, तेही याच जातीचं.

टॅक्सचं म्हणाल, तर त्याची चर्चा जितकी होते तितका त्याचा परिणाम दिसत नाही. वर्षाला दहा लाख डॉलर्स किंवा जास्त कमावणाऱ्यांच्या टॅक्स रिटर्नवरून ख्रिस्टोबल यंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की वर्षभरात राज्य बदलणारे अतिश्रीमंत फक्त २.४ टक्के, तर एकंदर लोकसंख्येत २.९ टक्के. ज्यांचा सर्वांत जास्त टॅक्स वाचला असता तेच कमी हलतात. त्यांचा धंदा, गिऱ्हाईक, ओळखी सगळं तिथेच रुजलेलं असतं.

दुसरा अडथळा म्हणजे घरातली दुसरी नोकरी. जेकब मिन्सर याने १९७८ साली दोन प्रकारची माणसं दाखवून दिली. एक, जोडीदारामुळे ओढली गेलेली. एकटी असती तर गेली नसती. दुसरी, जोडीदारामुळे अडकलेली. एकटी असती तर केव्हाच गेली असती. कुटुंबाचा एकूण फायदा होतो, पण दोघांपैकी एकाचं नुकसान त्या बेरजेत झाकलं जातं. पहिल्या प्रकारात कोण मोडतं हे ज्यांनी एच-४ व्हिसावर काही वर्षं काढली आहेत त्यांना विचारा. (त्यातल्या काहींना अटींसह काम करायची परवानगी मिळाली ती २०१५ साली.) दोघांनाही आपापल्या कामाची नोकरी हवी असेल तर ती लहान शहरात एकाच वेळी मिळणं कठीण, म्हणून अशी जोडपी मोठ्या शहरांत साचतात. डोरा कॉस्टा आणि मॅथ्यू कान यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार दोघेही पदवीधर असलेल्या जोडप्यांपैकी मोठ्या महानगरांत राहणारी १९४० साली ३२ टक्के होती, १९९० साली ५० टक्के. लहान गावातल्या विद्यापीठात किंवा इस्पितळात चांगली जागा मिळूनही नाकारलेली चार उदाहरणं तुम्हांलाही आठवतील.

तिसरा अडथळा फक्त आपल्यासारख्यांचा: कागद. एच-१बी अर्जात कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. २००० सालच्या कायद्यामुळे मालक बदलता येतो, पण त्याच मालकाकडे राहून दुसऱ्या महानगर क्षेत्रात जायचं तरी २०१५ च्या एका निर्णयापासून सुधारित अर्ज लागतो. ग्रीन कार्डासाठीचं 'पर्म' तर विशिष्ट जागेसाठीच असतं, त्यामुळे कामाचं शहर बदललं की सर्वसाधारणपणे ती पायरी पुन्हा चढावी लागते. शेवटचा अर्ज दाखल होऊन १८० दिवस झाले की तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या कामावर, दुसऱ्या गावी, जाता येतं. पण एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांना त्या अर्जापर्यंत पोहोचायलाच वर्षानुवर्षं लागतात. देशातल्या सर्वांत फिरत्या वयाची, शिकलेली माणसं अशी एका झिपकोडला बांधली जातात. अर्थतज्ज्ञांच्या बहुतेक आकडेवारीत हा अडथळा वेगळा दिसतच नाही.

अडथळे खरंच एवढे मोठे आहेत का, हे तपासायचं तर काही लोकांना चिठ्ठ्या टाकून घराबाहेर काढावं लागेल. असा प्रयोग कुणी करणार नाही, पण निसर्ग कधीकधी करतो. जानेवारी १९७३ मध्ये आइसलँडच्या हेइमाएय बेटावर रात्रीतून ज्वालामुखी फुटला. सुमारे पाच हजारांची अख्खी वस्ती बोटींनी हलवली. पुढे सुमारे एक तृतीयांश घरं लाव्ह्याखाली आणि राखेखाली गेली, बाकीची वाचली. कुठलं घर वाचावं हे जवळजवळ नशिबावर होतं. घर वाचलेले बरेचसे परतले, घर गेलेल्यांतले पुष्कळ जण परतले नाहीत. बेट गरीब नव्हतं, उत्तम मासेमारी होती. तरीही नाकामुरा, सिगुर्डसन आणि स्टाइन्सन यांना असं आढळलं की त्या वेळी २५ वर्षांच्या आत असलेल्यांपैकी ज्यांना घर गेल्यामुळे बाहेर पडावं लागलं, ते पुढे जास्त शिकले आणि आयुष्यभरात खूपच जास्त कमावते झाले. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीचं मात्र थोडं नुकसानच झालं.

२००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं तेव्हाही असंच काहीसं दिसलं. २००० ते २०१० मध्ये शहराची लोकसंख्या ४ लाख ८५ हजारांवरून ३ लाख ४४ हजारांवर आली, पुष्कळ जण ह्यूस्टनला गेले. तात्याना डेर्युगिना आणि सहकाऱ्यांनी वादळग्रस्तांचे टॅक्स रिटर्न वर्षानुवर्षं तपासले. पहिली एक-दोन वर्षं कमाई घटली, पण काही वर्षांतच ती तशाच इतर शहरांतल्या लोकांपेक्षाही वर गेली. यात गेलेले जीव, मोडलेले शेजार, सुटलेली आजी या कशाचीही नोंद नाही. टॅक्स रिटर्नमध्ये तेवढी जागा नसते. म्हणूनच "बघा, लोक उगाच बसून होते" असा निष्कर्ष मी काढणार नाही. वाचलेल्या घरात परतलेल्या बेटवासीयाला मच्छीमारीचं काम, ओळखीची माणसं आणि आपली गल्ली मिळाली, त्याची किंमत तोच करू जाणे. हेही नोंदवलं पाहिजे की कमी स्थलांतर हे सगळंच अडकल्याचं लक्षण नाही. ग्रेग कॅप्लन आणि सॅम शुलहोफर-वोल यांच्या मते शहराशहरांतल्या नोकऱ्या आता एकमेकींसारख्या होत चालल्या आहेत आणि नवं शहर कसं आहे हे घरी बसून कळतं, त्यामुळे "जाऊन तर बघू" म्हणून केलेल्या खेपा कमी झाल्या. २०२० नंतर घरून काम सुरू झाल्यावर लोक कुठेही पांगतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात बरेच जण शहराच्या मध्यभागातून त्याच महानगराच्या उपनगरात गेले.

तुमच्या स्वतःच्या काउंटीचं चित्र बघायचं असेल तर आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, दरवर्षी टॅक्स रिटर्नवरचे बदललेले पत्ते जुळवून कुठल्या काउंटीतून कुठल्या काउंटीत किती घरं गेली याचे तक्ते फुकट देतं. तुमची काउंटी शोधा. टेक्सस, फ्लोरिडा, शेजारची काउंटी, सगळे ओळीने दिसतील. त्यात 'स्थलांतर न केलेले' अशीही एक ओळ असते. तिच्यातला आकडा बाकी सगळ्या ओळींच्या बेरजेहून मोठा असतो.